आपोआप नाहीसा होणारा थर

पनवेल, ८ ऑगस्ट २०१२

प्रिय अरुमावशी,

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि ई-मेल उघडायला तू तयार नाहीस, म्हणून एवढी मोठी बातमी पोस्टाच्या पेटीत टाकावी लागते आहे. मावशी, मला शोध लागला आहे. हसू नकोस, खराखुरा.

पहिल्यापासून सांगतो. माझी पीएच.डी. सहा वर्षं रेंगाळली आहे, हे तुझ्याइतकं कुणीच मला ऐकवलेलं नाही. आता विद्यापीठाने शेवटची मुदतवाढ दिली आहे, ३१ मार्चपर्यंत. तोवर प्रबंध गेला नाही तर नोंदणी रद्द. आणि पदवी नाही तर कॉलेजातली माझी जागाही जाणार, असं प्राचार्यांनी लेखी कळवलं आहे. रुचिराने ते पत्र फ्रिजवर चिकटवून ठेवलंय.

विषय तुला ठाऊक आहे: मासळी ताजी की शिळी हे सांगणारा बायोसेन्सर. मासळी शिळी होऊ लागली की तिच्यात झँथिन नावाचं रसायन वाढतं. ते इलेक्ट्रोडच्या टोकाशी आलं की बारीकसा विद्युतप्रवाह मिळतो. प्रवाह जास्त, तर मासळी शिळी. हा इलेक्ट्रोड म्हणजे एक पांढरी काडी आणि तिच्या टोकाला मसुराएवढी काळी, काचेसारखी टिकली. या टिकलीवर नॅनोपदार्थाचा थर दिला की ती जास्त संवेदनशील होते, असं सगळं जग म्हणतं. मी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या वापरतो. पातळ केल्यावर त्या शाईसारख्या दिसतात. रोज संध्याकाळी सहाला मी त्यांचा एक थेंब टिकलीवर सोडतो, काचेच्या झाकणाखाली वाळत ठेवतो आणि घरी जातो.

आता ऐक. जगात सगळीकडे हा थेंब वाळला की काजळीसारखा डाग उरतो. मी मात्र दुसऱ्या दिवशी अकराला येऊन बघतो तर डाग गायब! टिकली आरशासारखी लख्ख. आणि प्रवाह साध्या इलेक्ट्रोडच्या नऊपट! थर तिथेच आहे, मावशी, पण तो वाळता वाळता स्वतःला इतका पातळ करून घेतो की डोळ्यांना दिसत नाही. माझे गाइड डॉ. कृष्णकांत मोघे यांनी त्याचं बारसंही केलं: 'स्वयंपारदर्शक नॅनोथर'.

नमुन्यांची सोयही छान झाली आहे. उरणचे मासळीचे व्यापारी खलीलभाई मोरा बंदरातल्या होड्यांवरची कोळंबी आणि बांगडे बर्फातून पाठवतात. परवा स्वतः आले होते. सगळं यंत्र बघून म्हणाले, "माशाल्लाह, सर! पण आम्ही कल्ला उचलून बघतो तर दोन सेकंदांत समजतं. या मशीनला पाऊण तास का लागतो?" मी त्यांना नॅनो म्हणजे काय ते समजावलं. ते फार नम्रपणे ऐकत होते.

तुझा,
निनाद

पुणे, १४ ऑगस्ट

चि. निनाद,

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. आनंद झाला, पण तो मी तूर्त कपाटात ठेवला आहे. कारण सांगते.

मी एकतीस वर्षं औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासण्याचं काम केलं. तिथे एखादी गोष्ट दिसेनाशी झाली की आम्ही तिचं बारसं करत नसू, तिला शोधत असू. तेव्हा मला एवढंच सांग: काळं कुठे जातं?

दुसरं, ज्या साध्या इलेक्ट्रोडशी तू तुलना करतोस तो कुठे असतो, त्याला कोण हात लावतं, त्याची निगा कशी राखतात?

आणि तिसरं. या बायोसेन्सरमध्ये बायो कुठे आहे? मागच्या वर्षी तू कुठल्याशा एन्झाइमचं नाव घेत होतास.

रुचिराला आशीर्वाद. ते पत्र फ्रिजवरून काढा म्हणावं, अन्न पचायचं नाही.

अरुंधतीमावशी

पनवेल, ३ सप्टेंबर

प्रिय अरुमावशी,

तुझ्या पत्राने थोडा खट्टू झालो, पण शंका घेणं हा तुझा स्वभावच आहे, म्हणून मनाला लावून घेतलं नाही.

तुझा पहिला प्रश्न: काळं कुठे जातं? मावशी, नॅनो पातळीवर 'कुठे' हा प्रश्नच जुना होतो. हे डॉ. मोघ्यांचं वाक्य आहे. मी ते प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात घातलंय.

दुसरा प्रश्न. साधा इलेक्ट्रोड मी कपाटात कुलपात ठेवतो. किल्ली माझ्या खिशात. तीन वर्षांत त्याला माझ्याशिवाय कुणाचंही बोट लागलेलं नाही. चाचणीच्या वेळी काढतो, पाण्याने खळबळतो, वापरतो, परत कुलपात. तुलना इतकी काटेकोर आहे की तुझ्या कारखान्यातही नसेल.

तिसरा. एन्झाइम आणलं होतं, पण आमच्याकडचे लाइटचे प्रकार तुला माहीत नाहीत. फ्रिज बंद पडला आणि ते मेलं. डॉ. मोघे म्हणाले, "काही बिघडत नाही. मासळी बायोच आहे."

बाकी इकडे धामधूम आहे. शोधनिबंध पाठवला. इथल्या साप्ताहिकात माझा फोटो आला, मथळा होता 'पनवेलच्या प्राध्यापकाचा अदृश्य थर'. प्राचार्यांनी शाल घातली आणि भाषणात म्हणाले, की न दिसणारं काम करणारे प्राध्यापक कॉलेजात पुष्कळ आहेत, पण त्याचा निबंध करणारे सर पहिलेच. टाळ्या पडल्या. आमची लॅब अटेंडंट दमयंतीबाई शेवटच्या रांगेत उभी राहून जोरजोरात टाळ्या वाजवत होती. साध्या माणसांनाही कौतुक वाटतं, हे बघून बरं वाटलं.

तुझा,
निनाद

पनवेल, २८ नोव्हेंबर

प्रिय अरुमावशी,

तीन महिने लिहिलं नाही, रागावू नकोस. मी फार वाईट अवस्थेत आहे.

थर पारदर्शक होईनासा झालाय. गेला महिनाभर रोज सकाळी टिकलीवर तोच काळा डाग, जसाच्या तसा. वर दुसऱ्या दिवशीचा थेंब, मग तिसऱ्या. प्रवाह नऊपटीवरून उतरत उतरत साध्या इलेक्ट्रोडच्याही खाली गेलाय. आलेख बघितले तर पोराने रांगोळी विस्कटावी तसे दिसतात. दिवाळीच्या सुट्टीतही रोज लॅबमध्ये बसलो. रुचिराने फराळाचा डबा पाठवला, तो तसाच परत गेला.

मी सगळी कारणं तपासली. नळ्यांची नवी बाटली मागवली. हवेतला दमटपणा मोजला. कळंबोलीकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या हादऱ्यांचा परिणाम असेल म्हणून टेबलाखाली रबर घातलं. डॉ. मोघ्यांचं मत पडलं की थर एकटा पडलाय, त्याला सोबत हवी. म्हणून खाली सोन्याचे नॅनोकण दिले. मग वर ग्राफीन. मग सगळं धरून ठेवायला कायटोसान, जे कोळंबीच्या टरफलांपासून काढतात. म्हणजे आता कोळंबी शिळी आहे का, ते कोळंबीच सांगणार. एकूण सात थर झाले. काल ते सगळेच्या सगळे चकतीसारखे सुटून ग्लासात पडले, खालचा काळा डाग तेवढा जागेवर राहिला.

खलीलभाईंनी काल विचारलं, "सर, कोळंबी पाठवू का, की आधी मशीनची तब्येत सुधारू दे?" त्यांचा हेतू चांगला होता, पण मला रडू यायचं बाकी राहिलं. चार महिने उरलेत. थर परत पारदर्शक झाला नाही तर प्रबंधात काहीच उरत नाही, आणि मग नोकरीतही. मावशी, मी चाळिशीला आलो. आता कुठे जाऊ?

तुझा,
निनाद

ता. क. लॅब नुसती उकिरडा झाली आहे. दमयंतीबाई ऑक्टोबर संपल्यापासून रजेवर आहे, तिच्या सासूचं खुब्याचं हाड मोडलं. काचसामान धुवायलाही कुणी नाही.

पुणे, ३ डिसेंबर

चि. निनाद,

तुझ्या पत्रातलं शास्त्रीय वाक्य एकच आहे आणि ते तू ताजा कलम म्हणून लिहिलंस.

आठवा थर देऊ नकोस. काहीच करू नकोस. रोज जेव. दमयंतीबाई कामावर परत आली की मला कळव, एवढंच.

अरुंधतीमावशी

पुणे, ३ डिसेंबर

सौ. दमयंतीबाई घरत यांस,

मी तुमच्या निनाद सरांची मावशी. आपली ओळख नाही, तरी कॉलेजच्या पत्त्यावर लिहिते आहे. सासूबाईंची तब्येत कशी आहे? या वयात हाड जुळायला वेळ लागतो, पण जुळतं.

एक विचारायचं होतं. तुम्ही सकाळी लॅब उघडल्यापासून सर येईपर्यंत काय काय करता? क्षुल्लक वाटेल तेही लिहा. मीही लॅबमध्येच आयुष्य काढलंय, म्हणून कुतूहल. सरांना यातलं काही बोललात नाही तरी चालेल.

तुमची,
अरुंधती

जासई, १६ डिसेंबर

मावशीबायना जासईवरून दमयंतीचा नमस्कार.

तुमचं पत्र आफिसात ठेवलं होतं. मी दहा तारखेला कामावर आली तवा भेटलं. सासूबाय आता काठी घेऊन उभी रायते. तुमी विचारलं त्याचं बरं वाटलं. आमच्याकडं नव वर्षात कोनी विचारलं नाय, कारन मी अजून टेम्परवारी हाय. माज्या लिवन्यात चुका असतील, मी नववी शिकली हाय.

मी आठला लॅब उघडते. झाडते, लादी पुसते, डिस्टील पानी भरते, काचा धुते. मंग सरांची ती काडी घेते. तीन वर्सांआधी ती नवी आली तवा सरांनीच मला शिकवलं. फडक्यावर पांढरी पूड घालायची, थोडं पानी, नि काडी उभी धरून आठच्या आकड्यात घासायची. सर बोलले, दमयंतीबाय, आरशासारखी दिसली पायजे, नायतर सगलं फुकट. मंग सर इसरले असतील, पन मी इसरली नाय. रोज घासते. आधी हात दुखायचा. आता बोटांनाच समजतं कदी झाली ती. पूड बोलायची बंद होते. कुरकुर येत नाय, काडी फडक्यावरून लोन्यासारखी सरकते.

आता एक सांगते ते तुमच्याजवलच ठेवा. सरांचा हात थोडा कापतो. रोज संध्याकाली त्यांच्या हातून शाईचा थेंब नेमका त्या काडीवरच पडतो. एवडे शिकलेले मानूस, पन रोज! मी कदी बोलली नाय, त्यांना वाईट वाटंल. सकाली गुपचूप पुसून, घासून जाग्यावर ठेवते. मी रजेवर होती तवा कोनी पुसलं नसंल. मी आली तर काडीवर डांबर साचल्यासारखं झालं होतं. दोन दिवस लागले काडायला.

परवा सर अकराला आले नि काडी बघून नाचायला लागले. आला, आला, परत आला, असं ओरडत होते. कोन आला ते मला समजलं नाय. मला पेढा दिला. मी घेतला.

माजं काय चुकलं असंल तर सांगा.

दमयंती घरत

पुणे, २० डिसेंबर

चि. निनाद,

पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला कॉलेजात जा. अकराला नाही, पावणेआठला. लॅबच्या कोपऱ्यात स्टुलावर बस आणि नऊ वाजेपर्यंत तोंड उघडू नकोस.

जे दिसेल त्यावर चिडायचं असेल तर घरी येऊन उशीवर चीड. तिच्यावर चिडलास तर माझ्याशी गाठ आहे.

अरुंधतीमावशी

पनवेल, २७ डिसेंबर

मावशी,

बघितलं.

आधी तोंड बंद ठेवलं. ती मला बघून गोंधळली, पण मी हातानेच "चालू दे" म्हटलं. तिने झाडलं, पुसलं, मग झाकण उचललं, माझा कालचा थेंब फडक्याने पुसला आणि पूड घेऊन घासायला लागली. त्या क्षणी मी ओरडलोच, "बाई!" तिच्या हातून काडी पडता पडता राहिली. मला त्याची लाज वाटते. ती म्हणाली, "सर, थेंबाचं मी कोनाला सांगनार नाय." मावशी, गेलं दीड वर्ष ही बाई माझी अब्रू राखतेय असं समजून माझं संशोधन पुसत होती.

मग मी तिला कपाटातला साधा इलेक्ट्रोड दिला. तीन वर्षं कुलपात, तीन वर्षांची घाण अंगावर. तिने वीस मिनिटं घासला. थर नाही, नळ्या नाहीत, काही नाही. प्रवाह नऊपट. मग मी स्वतः घासून बघितला. चौपट. तीन दिवस हेच करतोय. नॅनोनळ्यांचा काहीही संबंध नाही. कोळंबीतलं झँथिन साध्या, स्वच्छ टिकलीवर उत्तम मोजता येतं, फक्त ती दमयंतीबाईने घासलेली हवी.

डॉ. मोघ्यांना सांगितलं. त्यांनी केबिनचं दार लावलं, मला पाणी दिलं आणि म्हणाले, "तू पावणेआठला लॅबमध्ये गेलाच नव्हतास." मी म्हटलं, सर, गेलो होतो. ते म्हणाले, "निनाद, या प्रबंधातून नॅनो काढलं तर उरतं काय? घासलेली काडी. घासलेल्या काडीला विद्यापीठ डॉक्टरेट देत नाही."

ते खरंच बोलतायत. मार्चमध्ये समितीसमोर सादरीकरण आहे. खरं सांगितलं तर पदवी गेली, नोकरी गेली. रुचिराला अजून सांगितलेलं नाही. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, तरी विचारतो. तीन महिने गप्प राहिलं तर कुणाचं काय जातं?

निनाद

पुणे, १ जानेवारी २०१३

चि. निनाद,

कुणाचंच काही जात नाही. मला माहीत आहे, कारण मी एकदा गप्प राहिले आहे. एका खोकल्याच्या औषधाची चाचणी मी केली नव्हती आणि केली म्हणून सही केली. त्या दिवशी तुझ्या आईला ताप होता आणि मला घरी जायचं होतं. औषध चांगलं निघालं. कुणाला काही झालं नाही. त्याला आज चौतीस वर्षं झाली, आणि मी अजून खोकल्याचं औषध घेत नाही. आल्याचा काढा पिते.

तू काय कर ते मी सांगणार नाही. तू चाळिशीचा आहेस. काय केलंस ते मात्र कळव. आणि जे काही करशील त्यात त्या बाईचं नाव आलं पाहिजे. तिने तुला नऊपट दिलंय, तू स्वतःला चौपट.

मला तुझी फार काळजी वाटते आहे. एरवी लिहीत नाही, म्हणून लिहिते.

अरुमावशी

पनवेल, ७ एप्रिल

प्रिय अरुमावशी,

प्रबंध सादर झाला! ३१ ला रविवार होता, म्हणून ३० ला, खिडकी बंद व्हायच्या आधी वीस मिनिटं. काशिराम बाइंडरने दोन दिवस दुकानातच मुक्काम केला. पाच प्रती, काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. आता जुलैत तोंडी परीक्षा, की झालं.

आणि मावशी, मी खरं सांगितलं. तुझा विश्वास बसणार नाही, पण सांगितलं. समितीचे पाच जण होते. डॉ. मोघे माझ्याकडे बघून मान हलवत होते. मी म्हटलं, नॅनोनळ्यांचा थर पारदर्शक होत नाही, तो रोज पुसला जातो. जो परिणाम मिळतो तो फक्त टिकली अल्युमिनाच्या पुडीने नीट घासल्याचा आहे.

मला वाटलं, संपलं. मग बाहेरून आलेल्या वयस्क तज्ज्ञांनी विचारलं, "ती पूड आहे का इथे?" मी डबी दिली. त्यांनी चष्मा वर करून लेबल वाचलं. "शून्य पूर्णांक शून्य पाच मायक्रॉन. म्हणजे पन्नास नॅनोमीटर. अहो, मग हा नॅनोपदार्थच झाला की!"

मावशी, खोलीत जीव आला. दुसरे म्हणाले, नॅनोपदार्थ वापरून इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागात सुधारणा, म्हणजे शीर्षक बदलायचीही गरज नाही. तिसरे म्हणाले, पुसणं हा शब्द मात्र नको, 'यांत्रिक नॅनोसंस्करण' लिहा. डॉ. मोघ्यांनी ताबडतोब सांगितलं की आपण सुरुवातीपासून याच दिशेने विचार करत होतो. स्वयंपारदर्शक थराचं प्रकरण 'पुढील संशोधनाच्या दिशा' या भागात हलवायचं ठरलं. मग चहा आणि समोसे.

मी खरं बोललो आणि तरी पास झालो. यात माझा काही दोष आहे का?

दमयंतीबाईंचा प्रबंधात योग्य तो उल्लेख केला आहे. तू काळजी करू नकोस.

तुझा,
(जुलैनंतर डॉक्टर) निनाद

पुणे, १२ एप्रिल

सौ. दमयंतीबाई,

सरांचा प्रबंध झाला, हे तुम्हाला कळलंच असेल. त्यात तुमचा उल्लेख आहे असं त्यांनी मला लिहिलंय. काय लिहिलंय ते वाचायची मला फार उत्सुकता आहे. मला इथे प्रत मिळणार नाही. तुम्ही बघितलंत तर कळवा.

तुमची,
अरुंधती

जासई, ५ मे

मावशीबायना नमस्कार.

पत्राला उशीर झाला. खरं सांगू तर मी आधी सरांना विचारायला लाजत होती. मंग माजी पोरगी नीता, ती बारावी सायन्सला हाय, ती बोलली की आई, विचार, तुजा हक्क हाय. मी विचारलं, तवा सरच ते पुस्तक घेऊन एका रविवारी आमच्या घरी आले. कॉलेजच्या लायब्ररीची कॉपी होती. मी चा केला, नीताने पुस्तक वाचायला घेतलं.

पयल्यांदा आभाराचं पान हाय. त्यात मोघे सर हायत. प्रिन्सिपल हायत, संस्थेचे सगले मेंबर हायत. सरांच्या बायको हायत. तुमी हाय, मावशीबाय, तुमचं नाव मोठं लिवलंय. खलीलभाय हायत, मासलीसाठी. पुस्तक बांदनारे काशिराम पन हायत. नीताने दोनदा बघितलं. मी त्यात नाय.

सर घाईघाईने बोलले, तिथं नाय, आत हाय. बोलले, मी पयले पूर्न पानभर लिवलं होतं तुमच्यावर, पन मोघे सर बोलले की पद्धत मानसावर अवलंबून दिसली तर परीक्षक मान्य करत नाय. म्हनून थोडं कमी केलं. मंग त्यांनी चौसष्ट नंबरचं पान उघडलं नि एका ओलीवर बोट ठेवलं. बोलले, दमयंतीबाय, ही तुमी.

नीताने वाचून मराठीत सांगितलं. इलेक्ट्रोड नेहमीच्या पद्धतीने घासून घेतला.

एवडंच. मी तीन वेला विचारलं, पुडं काय? पुडं दुसरं वाक्य होतं, पान्याचं.

नीता जाम तापट हाय. ती बोलली, सर, पेन हाय ना खिशाला, इथंच बाजूला लिवा नाव. सरांनी पेन काडलं, टोपन पन काडलं. मंग बोलले की बांदलेल्या कॉपीत हातानं लिवलेलं चालत नाय, नि टोपन लावलं. त्यांचं तोंड बघवत नव्हतं. मानूस वाईट नाय ते. मी त्यांना आनिक एक कप चा दिला.

मला राग आला का, असं तुमी विचाराल. आला. मी लपवत नाय. चार दिवस जेवन गेलं नाय. घरात नवऱ्यानं विचारलं, काय झालं, त्याला काय सांगू, की माजं नाव नेहमीची पद्धत हाय?

मंग मी इचार केला. सोमवारपासून मी आठला जाते, झाडते, लादी पुसते, पानी भरते, काचा धुते. जेवडं माज्या नोकरीच्या आर्डरीत लिवलंय तेवडं. काडीला हात लावत नाय.

सर आता रोज साडेआठला येतात नि सोता घासतात. आठ नीट येत नाय त्यांचा, एका बाजूला फुगतो. दाबतात पन जास्त. मला बाजूला लादी पुसता पुसता कुरकुर ऐकू येते नि माजे हात शिवशिवतात. आकडा चारच्या वर जात नाय असं ते मोघे सरांना फोनवर सांगत होते. जुलैला परीक्षक येनार हायत नि त्यांच्या समोर काडी चालवून नऊ दाखवायची हाय, नायतर डिगरी अडकंल, असं बोलत होते.

काल सर माज्या जवल आले. फडकं हातात, काडी हातात. घाम आला होता. बोलले, दमयंतीबाय, माजं काय चुकतंय? कसं करू, सांगा ना.

मी बालदी खाली ठेवली. बोलली, सर, नेहमीच्या पद्धतीनं करा.

दमयंती घरत